शत्रूचा पत्ता

बेळगाव कुठल्या राज्यात आहे, याचा निकाल इंटरनेटनं परस्पर लावून टाकला आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, आयपी पत्ता; त्यावरून गाव ओळखणाऱ्या याद्या असतात. त्यातली एक मला बंगळूरला बसवते, दुसरी हुबळीला, आणि मोबाइलचा डेटा सुरू केला की तिसरी थेट मुंबईत नेऊन सोडते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. आणि इथं मी सकाळी कर्नाटकात नि दुपारी महाराष्ट्रात. बेळगावात बेळगाव क्वचितच सापडतं. गल्लीत हे सांगितलं की आधी हशा होतो, मग कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं विचारतंच, "म्हणजे ती मुंबईवाली यादी खरी काय?"

या याद्यांशी माझा रोजचा संबंध. पतसंस्था, दवाखाने, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांची नेटवर्क, कॅमेरे, टॅलीचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि छंद म्हणाल तर घरी एक हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांसाठी लावलेला सापळा, चालवतो. जुना लॅपटॉप, त्यावर काउरी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि एक स्वतंत्र स्थिर आयपी. घरच्या वायफायशी त्याचा काडीचा संबंध नाही, ती काळजी पहिली. बाहेरून बघणाऱ्याला तो कुणाचा तरी निष्काळजीपणे उघडा टाकलेला लिनक्स सर्व्हर वाटतो. पासवर्ड टाकला की आत फायली दिसतात, आज्ञा चालल्यासारख्या वाटतात. खरं तर काहीच चालत नाही. आलेला काय टाइप करतो, कुठून काय उतरवून घेतो, एवढं सगळं लिहून ठेवलं जातं.

या यंत्राची खुबी ही की त्याला काहीही काम नाही. बँकेच्या सर्व्हरवर दिवसभर हजार लोक येतात, त्यातला चोर कोण हे निवडता निवडता डोळे जातात. माझ्या लॅपटॉपकडे येण्याचं सज्जन माणसाला कारणच नाही. आला तो संशयित, इतका सोपा हिशेब.

आणि येतात! टेलनेट ही दुरून यंत्र चालवायची जुनी सोय; तिचा २३ नंबरचा पोर्ट, म्हणजे दार, उघडा ठेवा, मिनिटांत कुणीतरी हजर. नव्या माणसाला याचं फार आश्चर्य वाटतं: पत्ता कुणाला दिला नाही, कुठं छापला नाही, मग कळलं कसं? कळावं लागतच नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं, ते एका साध्या सर्व्हरवरून, चांगली लाइन असेल तर, हा सगळा पसारा पाऊण तासात पालथा घालतं. जनगणनेचा माणूस गल्लीतलं एकही दार चुकवत नाही आणि प्रत्येक दाराशी तेच प्रश्न विचारतो, तसंच हे. फक्त मातृभाषेचा रकाना याच्या कागदावर नाही.

प्रश्नही ठरलेले. ॲडमिन-ॲडमिन. रूट-१२३४५६. रूट-एक्ससी३५११. दार उघडलं की पटापट: प्रोसेसर कुठला, मेमरी किती, आधीच कुणी येऊन बसलंय का. मग एक फाइल उतरवायची, चालवायची, मूळ फाइल पुसायची. सगळं काही सेकंदांत, टाइप करताना एक चूक नाही, मधे एक श्वास नाही. हे माणसाचं काम नव्हे. क्वचित खरा माणूस येतो तेव्हा मी जेवण टाकून स्क्रीनपुढं बसतो. तो अडखळतो, खोडतो, विचार करतो. काउरीमध्ये त्याचं टाइप करणं जसंच्या तसं पुन्हा चालवून बघता येतं. असाच एक जण आभासी नाण्यांचं (क्रिप्टोचं) खाणकाम करणारा प्रोग्रॅम बसवायला आला होता. दोनतीनदा प्रयत्न केला, कुठं तरी पाणी मुरतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि एक सणसणीत इंग्रजी शिवी टाइप करून निघून गेला. सापळा ओळखणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. शिवी जपून ठेवली आहे.

आता उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांबद्दल. वयानं मोठे, त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांच्या मोबाइलवर इंटरनेट कंपनीचा मेसेज आला होता: तुमच्या जोडणीवर बॉटनेटचा (परक्याच्या हुकमानं चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, शिरलेल्या यंत्रांच्या टोळीचा) संसर्ग आढळला आहे, अमुक सरकारी संकेतस्थळावर जाऊन सफाईचं साधन घ्या. काकांनी तो पुसून टाकला. "केवायसी संपली म्हणून येतात बघा, त्यातलंच एक." यात त्यांचं काय चुकलं? अनोळखी मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, हे मीच त्यांना शिकवलेलं. पण हा मेसेज खरा होता. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. संसर्ग झालेल्या पत्त्यांची माहिती तिथून इंटरनेट कंपन्यांना जाते आणि त्यांनी गिऱ्हाइकाला कळवायचं असतं. खरी सूचना आणि फसवणूक दोन्ही एकाच तोंडवळ्याच्या झाल्या आहेत, हा सावधगिरी शिकवणाऱ्यांचा मोठा पराभव आहे असं मला वाटतं.

दुखणं निघालं कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, डीव्हीआरमध्ये. फर्नेस, मोल्डिंग, माल भरण्याची जागा असे कॅमेरे जोडलेले, आणि टिळकवाडीतल्या घरून बघता यावं म्हणून कुणीतरी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून थेट आत यायला वाट मोकळी करून, ठेवलेलं. कॅमेरे उत्तम चालत होते. चित्र स्वच्छ, रेकॉर्डिंग चालू. बॉट शिरलेल्या उपकरणाचं हे बघा: ते मालकाचं काम बिनतक्रार करत राहतं. नेट जरा संथ झालं होतं, एवढंच.

आणखी एक मौज. या जातीचा बॉट बहुधा नुसता मेमरीत राहतो, डिस्कवर लिहीत नाही. वीज गेली की मेला. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा उद्यमबागेतली कितीतरी यंत्रं काही क्षणांपुरती निरोगी होत असणार. वीज येते, पोर्ट तसाच उघडा, पुन्हा कुणीतरी दार ठोठावतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सोड तम्मा. केलं कुणी ते सांग."

त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. दिवाळीच्या बोनसवरून भांडून गेलेला सुपरवायझर. रस्त्यापलीकडचा फाउंड्रीवाला, जो त्यांच्या ऑर्डरी कमी दरात उचलतो. आणि नोव्हेंबर तोंडावर आलेला. १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या गल्लीत मराठी भाषकांचा काळा दिवस, त्यामुळे काकांनी आवाज खाली करून तिसरीही शक्यता सांगितली. संशय धावायला आमच्याकडे चाकोऱ्या आधीच पडलेल्या आहेत. दुकानाच्या पाटीपासून बसच्या पाटीपर्यंत इथं प्रत्येक गोष्टीमागं कुणाचा तरी हात असतो, आणि बरेचदा खरंच असतो. तेव्हा कोणी केलं हा प्रश्न वेडेपणाचा नाही. सत्तर वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे.

माझं उत्तर त्यांना पटण्यासारखं नव्हतं. तुमच्यावर कुणाचा डोळा नव्हता, काका.

या सगळ्या पिलावळीचा पूर्वज मिराई नावाचा बॉट. ऑगस्ट २०१६ मध्ये तो दिसू लागला. त्याच्याजवळ ६२ ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, आणि तेवढ्यावर ऐन भरात सुमारे सहा लाख उपकरणं त्याच्या ताब्यात होती. घुसला की पहिलं काम, आधी बसलेल्या दुसऱ्या बॉटना हाकलायचं आणि मागं दार लावून घ्यायचं. काही पत्ते त्यानं मुद्दाम वगळले होते: अमेरिकेचं टपालखातं, संरक्षण खातं, जनरल इलेक्ट्रिक, एचपी. उद्यमबाग त्या यादीत असण्याचं कारण नव्हतं. २० सप्टेंबर २०१६ ला ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराच्या संकेतस्थळावर ते बंद पाडण्यासाठी सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट माहितीचा लोंढा आला. महिनाअखेरीस मिराईचा सोर्स कोड कर्त्यानंच जगजाहीर केला, म्हणजे संशय वाटून घ्यायला जमाव तयार. पुढं २१ ऑक्टोबरला तोच वापरून कुणीतरी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास बंद होते.

मिराई घडवणारे कोण? परदेशी लष्कर? पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन, विशीच्या आगेमागेची तीन पोरं. त्यांचा जीव गुंतलेला माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरमध्ये. दुसऱ्याचा सर्व्हर पाडला की त्याचे खेळाडू आपल्याकडे येतात. झाची तर हल्ल्यांपासून संरक्षण देणारी कंपनीही होती! डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा पाच वर्षांचं प्रोबेशन आणि २,५०० तासांची समाजसेवा, कारण मधल्या काळात त्यांनी एफबीआयला मदत केली होती.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरांच्या खेळासाठी माझा डीव्हीआर?" त्यांच्या डीव्हीआरमधला बॉट या कोडची कितवी पिढी होती आणि त्या वेळी ती कुणाच्या भाड्यानं चालत होती, हे वेगळं. पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. त्यांना राग आला तो हल्ल्याचा नाही, आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो याचा.

याहून अवघड भाग मी त्यांना शेवटी सांगितला: तुमचा डीव्हीआर मार खात नव्हता, मारत होता. माझ्या नोंदींमध्ये ज्या पत्त्यांवरून ठोठावणं येतं, ते हल्लेखोराचे पत्ते नसतात. ब्राझीलमधला कुणाचा तरी राउटर, व्हिएतनाममधल्या दुकानाचा कॅमेरा. तिकडच्या एखाद्या सापळेवाल्याच्या वहीत उद्यमबागेचा पत्ता असणार, आणि त्याच्या यादीनं त्याला सांगितलं असणार की हल्ला बंगळूरहून आला.

मग पुढचा प्रश्न येतो. पत्ता माझ्यासमोर आहे, त्या उपकरणाचा पासवर्ड मला ठाऊक आहे (त्याच ६२ मधला एक असतो), तर मीच आत जाऊन दार का लावू नये? रात्री नोंदी वाचताना हा मोह खरोखर होतो. मी जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय शिरणं हेच मुळात बेकायदा आहे, हेतू कितीही चांगला असो. पण कायदा हे माझं खरं कारण नाही. खरं कारण २०१७ च्या जुलैत आमच्याच राज्यात घडलेलं आहे.

त्या महिन्याच्या शेवटी बीएसएनएलच्या कर्नाटक सर्कलमधले सुमारे ६० हजार मोडेम मालवेअरनं निकामी झाले. ज्यांचं नाव-पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन असंच राहिलं होतं, तेच. जबाबदारी घेतली ब्रिकरबॉटच्या कर्त्यानं. जॅनिटर म्हणजे झाडूवाला असं नाव घेणारा हा अज्ञात माणूस. त्याचा बॉट त्याच वर्षी एप्रिलमध्ये उजेडात आला होता, तोही रॅडवेअर कंपनीच्या हनीपॉटमुळेच. त्याचं तत्त्वज्ञान असं: ही उपकरणं सुधारणार नाहीत, मालक लक्ष देणार नाहीत, मिराईच्या हाती लागण्याआधी आपणच त्यांची मेमरी पुसून दगड करून टाकू. याला तो इंटरनेटची केमोथेरपी म्हणायचा. डिसेंबरात त्यानं काम थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा एक कोटी उपकरणं निकामी केल्याचा त्याचा दावा होता.

त्याचं निदान चूक नव्हतं, हे कबूल करावं लागतं. धंद्यात राहून मी रोज तेच बघतो. पण त्या मोडेमच्या पलीकडं कोण होतं याचा विचार करा. कुणाचा परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला असेल, कुठल्या खेड्यातलं एकुलतं एक सेवा केंद्र बंद पडलं असेल. त्यांना कळलं एवढंच की मोडेमचे दिवे लागत नाहीत. का, ते सांगणारं कुणी नाही. आणि बदलून आलेल्या नव्या डब्यावर पासवर्ड कोणता? कुणाला न विचारता त्याच्या भल्यासाठी त्याचं घर पाडणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. याहून सौम्य उदाहरण हाजिमे नावाच्या बॉटचं आहे. तो आत शिरून धोक्याचे पोर्ट बंद करतो आणि 'मी सज्जन आहे, यंत्रं सुरक्षित करतोय' अशा अर्थाचा निरोप ठेवतो. पण बसतो आतच. त्याच्या सज्जनपणावर विश्वास ठेवायचा तो त्याच्याच शब्दावर.

शिवाय दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो हेही खरं नाही. 'पासवर्ड बदला' असं आम्ही तंत्रवाले मोठ्या तोऱ्यात सांगतो. वर उल्लेखलेला एक्ससी३५११ शिओंगमाय या चिनी कंपनीच्या सुट्या भागांमध्ये कारखान्यातच कोरलेला होता. मालकानं स्क्रीनवरचा पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा तोच राही. काकांनी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पासवर्ड ठेवला होता, तो अजून कुठल्याही बॉटच्या यादीत मला दिसलेला नाही. उपयोग शून्य.

या झाडूवाल्याच्या अगदी उलट स्वभावाचा माणूस म्हणजे क्लिफर्ड स्टोल. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटरच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत शोधायला सांगितलं. आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेत पाऊण रुपया खिशातून भरून वही मिटवली असती. स्टोलनं मिटवली नाही. शोधता शोधता कळलं की कुणीतरी शिरतंय आणि लष्करी कॉम्प्युटरांकडे सरकतंय. त्यानं दार लावलं नाही. तो बघत बसला. चोर फोनवर जास्त वेळ थांबावा म्हणून 'स्टार वॉर्स' संरक्षण योजनेच्या खोट्या फायलींचा ढीग रचून ठेवला. चोर त्या वाचत राहिला आणि माग थेट जर्मनीतल्या हॅनोवरपर्यंत, मार्कुस हेसपर्यंत गेला. माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. तिथं मात्र 'कोणी केलं' याला एक नाव होतं, एक घर होतं. काकांना मी हीच गोष्ट सांगायला हवी होती, त्यांना आवडली असती.

आमच्या वाट्याला असा चोर येत नाही. आमचा सामना यंत्राशी, आणि तेही हुशार होत चाललं आहे. बॉट आत आल्यावर मुद्दाम एका अर्थहीन नावाची आज्ञा देतो. खरं यंत्र 'असलं काही नाही' म्हणतं. मूर्ख सापळा गडबडतो. मग सापळे तेच उत्तर द्यायला शिकले. काउरीचं कॉम्प्युटरला दिलेलं मूळचं नाव एसव्हीआर०४ असतं, ते न बदलता ठेवणारे इतके की ते नाव दिसताच शहाणा हल्लेखोर मागं फिरतो. (दुसऱ्यांना कारखान्याचा पासवर्ड बदला म्हणून सांगणाऱ्यांची ही तऱ्हा!) कुठलाही पासवर्ड चालवून घेणारा सापळा पकडायला काही जण आधी भलताच पासवर्ड टाकून बघतात. त्यावर तोड म्हणून काउरी काही प्रयत्न नाकारून मगच दार उघडते.

पण ही सगळी कुस्ती दारावरची. अलीकडं ज्यानं मला अस्वस्थ केलं ते दारावर येतच नाही. जानेवारी २०२३ मध्ये डॅनियल मिलिसिक या कॅनडातल्या माणसानं ऑनलाइन मागवलेल्या टी९५ नावाच्या स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये मालवेअर आधीपासूनच असल्याचं दाखवलं. पासवर्ड फोडायचा प्रश्नच नाही, डबा खोक्यातून निघतो तोच बिघडलेला. त्याच जातीच्या बॅडबॉक्स २.० विरुद्ध गूगलनं जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर होता. आता ही उपकरणं नुसता लोंढा सोडायला वापरत नाहीत. तुमच्या घरचा पत्ता भाड्यानं दिला जातो. कुणीतरी कुठंतरी बसून तुमच्या लाइनवरून दुसऱ्याला फसवतो, आणि पोलिसांच्या कागदावर पत्ता तुमचा येतो. माझ्या सापळ्याला यातलं काही दिसत नाही. घरात आधीच राहायला आलेला कशाला दार ठोठावेल?

असाच एक बिननावाचा बॉक्स बाजारातून आणून मी वेगळ्या लाइनवर लावला. टीव्ही बंद असतानाही तो अनोळखी सर्व्हरांशी बोलत राहतो. काय बोलतो ते अजून उलगडत बसलोय. काकांचा जुना डीव्हीआर मी काढून टाकला, पोर्ट फॉरवर्डिंग बंद केलं, नवा लावला. निघताना कँटीनमधून क्रिकेटचा आवाज आला म्हणून डोकावलो, तर टीव्हीखाली तस्साच काळा डबा. हाही काढू या म्हटलं, तर कामगार माझ्याकडे बघायला लागले आणि काका म्हणाले, "असू दे की. मॅच तरी संपू दे."